चाळण आणि पायऱ्या

गेल्या दिवाळीत आमच्या घरी फराळाच्या डब्यांबरोबर एक जादा डबा आला होता. धाकटी पुतणी सुट्टीला म्हणून आली, तिच्या पिशवीत बिस्किटांचा पत्र्याचा मोठा डबा. आमच्या सौभाग्यवतींना वाटले, पोरीने चिवडा आणला. झाकण उघडून पाहतात तो आत कागदाच्या चिठ्ठ्या! एका बाजूला इंग्रजी शब्द, दुसऱ्या बाजूला त्याचा मराठी अर्थ. परदेशी शिकायला जायचे तर इंग्रजी वाचनाची एक परीक्षा द्यावी लागते, तिच्या तयारीसाठी हा सारा संभार.

"बरोबर पाचशे सत्तर आहेत, काका," ती अभिमानाने म्हणाली.

मी सोऱ्या बाजूला ठेवला, हात पुसले आणि एक चिठ्ठी उचलली. शब्द होता 'इन्फर'. "अनुमान करणे," तिने क्षणात सांगितले. दुसरी उचलली, तिसरी उचलली, उत्तर तयार. मग मी तिच्याच पुस्तकातला एक परिच्छेद तिच्यापुढे धरला. त्यात तेच तिन्ही शब्द होते. तिने दोनदा वाचला आणि खाली मान घालून म्हणाली, "शब्द सगळे येतात हो काका, पण परिच्छेद येत नाही."

वाचकहो, मी पेशाने शाळामास्तर. हे वाक्य मी मराठीतून, वेगवेगळ्या तोंडांनी, अनेक वर्षे ऐकत आलो आहे. म्हणून त्या रात्री चकल्यांचा घाणा उतरल्यावर मी ह्या चिठ्ठ्यांचे कूळ शोधायला बसलो. ते शोधता शोधता न्यूयॉर्कपासून ढाक्यापर्यंत फिरून आलो, आणि शेवटी माझ्याच वर्गातल्या शेवटच्या बाकापाशी येऊन थांबलो. तीच हकीकत आज सांगायची आहे.

शब्द मोजण्याचे वेड मनावर घेणारा एक मोठा माणूस म्हणजे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातला मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक. कोणत्या इयत्तेत कोणते शब्द शिकवावेत, हे शिक्षकाने अंदाजाने का ठरवावे, असा त्याचा साधा सवाल होता. तेव्हा गणकयंत्रे नव्हती. जे करायचे ते हातांनी आणि डोळ्यांनी. बायबल आणि अभिजात इंग्रजी ग्रंथ, मुलांच्या गोष्टी, क्रमिक पुस्तके, वर्तमानपत्रे, खाजगी पत्रे, फार काय, स्वयंपाकाची, शिवणकामाची आणि शेतीची पुस्तके, अशा एकेचाळीस ठिकाणांहून सुमारे पंचेचाळीस लाख शब्द मोजण्यात आले. त्यांतून सर्वांत अधिक आढळणारे दहा हजार शब्द वेचून १९२१ साली 'टीचर्स वर्ड बुक' निघाले. पुढे १९३१ मध्ये ती यादी वीस हजारांवर गेली, आणि १९४४ मध्ये अर्व्हिंग लॉर्ज ह्याच्या साहाय्याने तीस हजारांवर.

पण ह्याच थॉर्नडाइकने ही यादी काढण्यापूर्वी चार वर्षे, म्हणजे १९१७ साली, एक छोटा निबंध लिहिला होता. यादीची कीर्ती झाली, निबंध मात्र अभ्यासकांच्या कपाटात राहिला. त्याने शाळकरी मुलांना एक परिच्छेद वाचायला दिला. फ्रँकलिन नावाच्या गावी सात ते चौदा वर्षांच्या मुलांनी शाळेत हजर राहणे कसे सक्तीचे आहे आणि कोणत्या कारणांनी गैरहजेरी माफ होते, एवढाच मजकूर. मग विचारले, परिच्छेदाचा विषय कोणता? कित्येकांनी उत्तर दिले, "फ्रँकलिन"! डोळे चुकले नव्हते, शब्द अडले नव्हते. एकच शब्द मनावर इतका भारी बसला की बाकीचे हलके होऊन उडून गेले. थॉर्नडाइकने निष्कर्ष काढला तो असा की, परिच्छेद समजणे हे गणित सोडवण्यासारखे आहे. प्रत्येक शब्दाला त्याचे योग्य वजन द्यायचे, त्यांची आपसांतली नाती जुळवायची, नको ते बाजूला सारायचे. माझ्या पुतणीचे दुखणे त्या गृहस्थाने शंभर वर्षांपूर्वीच नाडी धरून सांगितले होते म्हणायचे!

त्याच १९१७ साली अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. सुमारे सतरा लाख सैनिकांची बुद्धी घाऊक पद्धतीने मोजली गेली. इंग्रजी वाचणाऱ्यांना एक परीक्षा, न वाचणाऱ्यांना चित्रांची दुसरी. ह्या आकड्यांच्या राशीवर बसून प्रिन्स्टन विद्यापीठातल्या कार्ल ब्रिगॅमने १९२३ साली एक पुस्तक लिहिले. त्यात दक्षिण आणि पूर्व युरोपातून आलेले लोक बुद्धीने कमी आहेत, असे ठाम विधान होते. गंमत अशी की त्याच्याच कोष्टकांत दिसत होते की, परदेशातून आलेला माणूस अमेरिकेत जितकी अधिक वर्षे राहिला तितके त्याचे गुण वाढत जातात. वीस वर्षे राहिलेले तर तिथेच जन्मलेल्यांच्या पंक्तीला बसतात. कोणाही मास्तराने म्हटले असते, अहो, वीस वर्षांत त्यांना भाषा आली, रीतभात कळली! ब्रिगॅमने उलटाच अर्थ लावला. पूर्वी चांगल्या कुळांतले लोक येत, हल्ली हलक्या कुळांतले येतात, म्हणून नव्यांना गुण कमी, असे त्याचे म्हणणे.

आणि हाच ब्रिगॅम पुढे परीक्षक झाला. अमेरिकेतल्या महाविद्यालयांच्या कॉलेज बोर्ड ह्या संस्थेसाठी त्याने 'स्कोलॅस्टिक ॲप्टिट्यूड टेस्ट' ही प्रवेशपरीक्षा रचली. २३ जून १९२६ रोजी ८,०४० विद्यार्थ्यांनी ती प्रथम दिली. प्रश्न ३१५ आणि वेळ दीड तासाहून किंचित अधिक! शब्दांच्या व्याख्या, विरुद्धार्थी शब्द, 'अमक्याला तमके तर ह्याला काय' अशी शब्दांची जोडनाती, परिच्छेदवाचन, असा तिचा थाट. थॉर्नडाइकने शब्द गोळा केले होते ते मुलांना शिकवण्यासाठी. इथे शब्दाची चाळण झाली. ज्याला शब्द माहीत तो वर, ज्याला नाही तो खाली.

चाळण आली की चाळणीतून पार पाडून देणारेही येतात. न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिन भागात स्टॅन्ली कॅप्लान नावाचा, बाहेरून आलेल्या आईबापांचा मुलगा शिकवण्या घेत असे. १९४६ पासून त्याने ह्या परीक्षेची तयारी करून घ्यायला सुरुवात केली. कॉलेज बोर्डाचे म्हणणे, ही उपजत योग्यतेची परीक्षा आहे, शिकवणीने तीत फरक पडत नाही. कॅप्लानचे म्हणणे, पडतो! शेवटी १९७९ साली अमेरिकेच्या सरकारी व्यापार आयोगाच्या चौकशीत निघाले की काही फरक पडतो खरा. दरम्यान घरोघरी शब्दांच्या याद्या पाठ होऊ लागल्या होत्या. जे शब्द परीक्षेपूर्वी कधी लागले नाहीत आणि परीक्षेनंतर कधी लागणार नाहीत, असे शेकडो शब्द!

ह्या परीक्षेतला एक प्रश्न पुढे फार गाजला. मॅरेथॉनशी धावपटूचे जे नाते, तेच वल्हवणाऱ्याचे कशाशी? उत्तर 'रिगाटा', म्हणजे होड्यांच्या शर्यती. ज्याच्या घरच्यांनी रविवारी नदीकाठी खुर्च्या टाकून असल्या शर्यती पाहिल्या, त्याला हे बसल्या जागी यावे. कोळशाच्या खाणीत राबणाऱ्याच्या मुलाने काय करावे? आपल्याकडे उलट्या बाजूने पाहा. तांडेल, शीड, सुकाणू, डोल ह्यांवर कोणी परीक्षा काढली तर वेंगुर्ल्याचा कोळ्याचा पोर पहिला येईल आणि पुण्यातल्या प्राध्यापकांचे चिरंजीव नापास होतील. बुद्धी दोघांची जिथल्या तिथेच!

ह्या टीकेचा परिणाम सावकाश झाला. विरुद्धार्थी शब्द १९९४ मध्ये गेले, जोडनाती २००५ मध्ये, आणि गाळलेल्या जागा भरण्याचा प्रकार २०१६ मध्ये. आता परिच्छेद देऊन, त्या जागी शब्दाचा अर्थ काय, असे विचारतात. थॉर्नडाइकच्या निबंधाकडे परत यायला नव्व्याण्णव वर्षे लागली.

ब्रिगॅमवर मात्र अन्याय करायला नको. १९३० साली त्याने स्वतःच एक लेख लिहून आपल्या पुस्तकाची इमारत आपल्या हातांनी पाडली. ज्या भाषेत परीक्षा घ्यायची, ती भाषा शिकण्याची संधी ज्यांना सारखी मिळाली आहे, अशांचीच त्या परीक्षेने आपसांत तुलना करता येते, अशा आशयाचे त्याने लिहिले. शास्त्रज्ञाने आपली चूक छापून कबूल करणे ही सामान्य गोष्ट नव्हे. पण कबुली एका नियतकालिकात राहिली आणि परीक्षा देशभर पसरली.

आता आपल्या जवळच्या गावी यायचे. ज्या १९२६ साली अमेरिकेत ती चाळण प्रथम हलली, त्याच साली बंगालमधल्या शाळांविषयीचे मायकेल वेस्टचे एक पुस्तक प्रसिद्ध झाले. वेस्ट हा हिंदुस्थानच्या शिक्षणखात्यातला इंग्रज अधिकारी. १९१२ साली इथे आला आणि पुढे ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयाचा प्राचार्य झाला. त्याने पाहिले की, बंगाली मुलांपैकी पुष्कळ मुले शाळा मध्येच सोडतात. इंग्रजीचा अभ्यासक्रम मात्र असा, की शेवटपर्यंत जाईल त्यालाच काही हाती लागावे. मध्ये सोडणाऱ्याच्या पदरी शून्य!

ह्यावर त्याने विमा कंपन्यांच्या व्यवहारातला एक शब्द उसना घेतला. विम्याचे हप्ते मध्येच थांबवले तरी पॉलिसी परत करून काही रक्कम मिळते. तिला 'सरेंडर व्हॅल्यू' म्हणतात. वेस्ट म्हणाला, शिक्षणालाही अशी किंमत हवी. मुलाने दुसऱ्या वर्षी शाळा सोडली तर दोन वर्षांच्या श्रमांचे काही मोल त्याच्या गाठीला राहिले पाहिजे. म्हणून त्याने वाचनपुस्तके नव्याने रचली. दुर्मिळ पुस्तकी शब्द काढून नेहमीचे घातले. नवे शब्द गर्दीने न आणता अंतराअंतराने आणले, आणि आलेला शब्द पुन्हा पुन्हा भेटेल अशी तजवीज केली. राज्यकर्त्यांच्या भाषेतच ज्ञान शोधण्याची पाळी त्या मुलांवर का यावी, हा प्रश्न उरतोच. पण ज्या मुलाचा शाळेच्या यादीत शेवटचा नंबर, त्याला समोर ठेवून शब्द निवडणारा हा माणूस मला मोठा वाटतो. पुढे १९५३ साली त्याची सुमारे दोन हजार शब्दांची प्रसिद्ध यादी निघाली.

त्या दोन हजारांच्या खांद्यावर उभी राहून न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनच्या ॲव्हरिल कॉक्सहेड ह्या बाईंनी २००० साली विद्यापीठीय शब्दांची यादी केली. कला, वाणिज्य, कायदा आणि विज्ञान मिळून अठ्ठावीस विषयांतला पस्तीस लाख शब्दांचा मजकूर त्यांनी तपासला, वेस्टचे दोन हजार वगळले आणि जे सर्व शाखांत सारखे भेटतात असे शब्द ठेवले. त्यांची कुटुंबे भरली पाचशे सत्तर! माझ्या पुतणीच्या डब्याचे हेच कूळ. विद्यापीठीय पुस्तकात शंभर शब्दांत सुमारे दहा शब्द ह्या यादीतले असतात. कथाकादंबऱ्यांत किती? शंभरात जेमतेम दीड! कादंबरी लिहिणाऱ्या मला हा आकडा जरा झोंबला. पण त्याने एक गोष्ट शिकवली. हे शब्द ना स्वयंपाकघरात ऐकू येतात, ना गोष्टीत. तेव्हा ते शिकवण्याची जबाबदारी घरावर ढकलता येत नाही, ती शाळेची.

आणि इथे मला शेवटचा बाक आठवला. पुष्कळ वर्षांपूर्वी माझ्या वर्गात भाजीवालीचा एक मुलगा होता. बाजाराच्या दिवशी आईच्या पाटीशी बसून पावशेराचा हिशेब तोंडी करणारा, मोड देताना कधी न चुकणारा. वर्गातल्या गणितांत मात्र भोपळा. मी प्रगतिपुस्तकावर तांबड्या शाईने लिहिले होते, 'गणितात कच्चा'. एके दिवशी गणित घातले, राम आणि श्याम यांची वये अनुक्रमे बारा व पंधरा वर्षे आहेत. तो बराच वेळ पाहत राहिला आणि मग त्याने हळूच विचारले, "गुरुजी, हा अनुक्रमे कोण?"

वर्ग हसला. मीही हसलो. घरी येईपर्यंत मात्र हसू ओसरले. त्याला गणित येत होते. माझी भाषा येत नव्हती, आणि ती मी त्याला कधी शिकवली नव्हती. ब्रिगॅमने लाखो माणसांच्या बाबतीत जे केले, तेच मी एका मुलाच्या बाबतीत केले होते. त्याने निदान छापून कबूल केले. माझी तांबडी शाई त्या प्रगतिपुस्तकावर तशीच राहिली; मुलाने पुढच्या वर्षी शाळा सोडली. त्याच्या पदरात मी काय घातले होते, हा वेस्टचा प्रश्न तेव्हापासून माझ्या मागे आहे. तेव्हापासून मी 'अनुक्रमे', 'विधान', 'निष्कर्ष', 'गृहीत धरा' असले शब्द नव्या वर्गाला आधी ओळख करून देतो, पाहुण्यांची करून द्यावी तशी. आणि आठवडाभर ते पुन्हा पुन्हा भेटतील असे पाहतो.

पुतणीसाठीही आम्ही हेच केले. पाडव्यापासून रोज दहाच चिठ्ठ्या काढायच्या, आणि ते शब्द जिथे राहतात त्या लेखांत जाऊन त्यांना गाठायचे. अर्थ सांगायचा नाही. ह्या वाक्यात हा शब्द काय काम करतो ते सांगायचे. पहिल्या दिवशी ती चिडली, तिसऱ्या दिवशी रमली. पुढे एका संध्याकाळी तिने एक आख्खा परिच्छेद वाचून मला मराठीत समजावून सांगितला आणि वर म्हणाली, "काका, लेखकाचं हे अनुमान मला पटत नाही!"

'इन्फर'ची चिठ्ठी मी तिच्यादेखत फाडून टाकली. तिला आता तिची गरज नव्हती.