व्हीटलीची दगडी कोठडी

इतिहास म्हटला की राजवाडे, रणांगणे आणि तहनामे डोळ्यांपुढे उभे राहतात. परंतु आज आम्ही श्रोत्यांना नेणार आहोत ते इंग्लंडातील एका खेड्यातल्या लहानशा दगडी कोठडीपाशी. ऑक्सफर्डच्या पूर्वेस पाचसहा मैलांवर व्हीटली नावाचे गाव आहे. तेथील खाणींचा दगड मध्ययुगात विंडसरच्या किल्ल्यापर्यंत गेला. त्याच गावात १८३४ साली सहा बाजूंची, वर निमुळती होत गेलेली ही कोठडी बांधण्यात आली.

तिचे प्रयोजन काय? त्या काळी खेड्यात पगारी पोलीस नसे. गावकऱ्यांपैकीच एकाकडे कॉन्स्टेबलचे काम येई आणि आपला धंदा सांभाळून त्याला ते करावे लागे. रात्री एखादा दारुडा किंवा संशयित चोर हाती लागला, तर सकाळी मॅजिस्ट्रेटपुढे उभा करीपर्यंत त्याला ठेवायचे कोठे? आपल्या मुलाबाळांत? ही अडचण अशा कोठड्यांनी दूर केली. विल्टशर परगण्यात तर लोक त्यांना ‘आंधळे घर’ म्हणत. कारण त्यांना खिडकीच नसे.

येथे एक गोष्ट आम्हांस विसरता येत नाही. १८२४ च्या कायद्याने भीक मागणे आणि निराधाराने उघड्यावर झोपणे हे अपराध ठरविले होते. म्हणजे ज्याला छप्पर नाही, त्याला त्याच अपराधाबद्दल असल्या छपराखाली लोटता येत होते!

पुढे १८३९ च्या कायद्याने परगण्यांना पगारी पोलीस ठेवण्याची मुभा दिली, आणि १८५६ च्या कायद्याने त्याची सक्ती केली. ऑक्सफर्डशरमध्ये १८५७ साली पोलीसदल उभे राहिले. ठिकठिकाणी पोलीसठाणी झाली, त्यांत कोठड्या आल्या, आणि गावोगावच्या या जुन्या कोठड्यांचे काम संपले. व्हीटलीची कोठडी तेव्हा जेमतेम तेवीस वर्षांची होती.

हा बदल चांगला की वाईट? शेजाऱ्याच्या हाती किल्ली असली की दया संभवते, तसा जुना दावाही संभवतो. पगारी शिपायाला दोन्हींचे कारण नसते. आम्हांला वाटते, न्यायाला ओळखदेख नसावी हे खरे. पण कुलूप लावणाऱ्याला आतल्या माणसाचे नाव ठाऊक असावे, हेही तितकेच खरे. व्हीटलीची ती कोठडी आजही उभी आहे, आणि हा प्रश्नही.