पाच मिलिमीटरची फट

मागच्या वेळी आपण १९६६ च्या माँटे कार्लोपाशी थांबलो होतो. पहिल्या तीन क्रमांकांवर आलेल्या तिन्ही मिनी गाड्या हेडलाइटच्या बल्बवरून बाद झाल्या आणि सिट्रोएनच्या पाउली तोइव्होनेनला विजेता ठरवलं गेलं. तेव्हा शिक्षा त्या एका रॅलीपुरतीच होती. आज आपण १९९५ कडे येतोय. इथे मामला बल्बचा नाही, हवेचा आहे.

टर्बो इंजिनात जितकी जास्त हवा जाईल तितकी ताकद वाढते. म्हणून टर्बोच्या तोंडाशी एक अरुंद गळा बसवायचा, त्याला रिस्ट्रिक्टर म्हणतात. त्या वर्षी त्याचा व्यास ३४ मिलिमीटर ठरला होता. सगळ्यांना एकच माप, म्हणजे ताकद साधारण सारखी.

ऑक्टोबरमध्ये स्पेनच्या कातालुन्या रॅलीत टोयोटाच्या सेलिका गाड्यांमधला हा भाग तपासनिसांनी उलगडला. माप बरोबर ३४! पण नळी आवळून बसवली की आतला तुकडा सरकायचा आणि कडेने सुमारे पाच मिलिमीटरची फट पडायची. त्या फटीतून जादा हवा आत. नळी सोडली की स्प्रिंग तो तुकडा परत जागेवर ढकलणार. म्हणजे तपासायला हातात घ्याल तेव्हा सगळं नियमात! एफआयएचे अध्यक्ष मॅक्स मोस्ली यांनीसुद्धा शिक्षा सुनावताना या कारागिरीची तारीफ केली. चोराच्या हातचं कसब कोतवालाने वाखाणावं, तसं.

शिक्षा मात्र जबर होती. टोयोटाचे त्या वर्षीचे सगळे गुण गेले आणि संघावर १२ महिन्यांची बंदी आली. आणि आमच्या मते खरी अडचण इथेच आहे: चालकांचे गुणही गेले. युहा कांकुनेन कातालुन्याला आला तेव्हा गुणतक्त्यात सर्वांच्या पुढे होता. या प्रकाराची चालकांना कल्पना होती, असा पुरावा एफआयएकडे नव्हता. तसं त्यांनीच मान्य केलं. मग त्यांना शिक्षा का? एका बाजूने बघितलं तर त्यात तर्क आहे. चालकाला माहीत असो-नसो, ती हवा त्याच्याच इंजिनात गेली. ते गुण ठेवले असते तर सुबारूच्या कॉलिन मॅकरे आणि कार्लोस साइन्झवर अन्याय झाला असता. तरी गंमत पाहा, दिदिए ओरिओलचा त्याच वर्षीचा कॉर्सिकामधला विजय नोंदीत आजही आहे. गुण गेले, विजय राहिला.

नोव्हेंबरमध्ये ब्रिटनमध्ये मॅकरे जगज्जेता झाला. कांकुनेनकडे तोवर चार जगज्जेतेपदं होती. पाचवं त्याला कधीच मिळालं नाही. १९९७ च्या ऑगस्टमध्ये फिनलंडला टोयोटाचा संघ कोरोला घेऊन परतला, ओरिओल त्यांच्याच गाडीत होता. कांकुनेन तेव्हा फोर्ड चालवत होता.