खटमल की खारिश? आधी ओळख, मग औषध

शनिवार पेठेतल्या एका जुन्या वाड्यात आमच्या ओळखीचं एक कुटुंब राहतं. घरातल्या लहान मुलीच्या अंगावर लाल पुरळ उठलं. ती रात्रभर खाजवायची. अम्मीनं ठरवलं, खटमलच. गाद्या उन्हात टाकल्या, दोनदा फवारणी झाली, तरी खाज थांबेना. पुढं दादीला खाज सुटली, मग धाकट्या भावाला. शेवटी त्वचेच्या डॉक्टरांनी मुलीच्या बोटांच्या बेचक्या पाहिल्या आणि सांगितलं, खटमल नाही, खरूज आहे. तीन आठवडे आणि बरेच पैसे वाया गेले होते.

अशी गफलत घरोघरी होते. चावल्याच्या खुणेवरून कीटक ओळखणं डॉक्टरांनाही अवघड जातं. म्हणून खूण नव्हे, बाकीचा पुरावा पाहावा: खाज कधी सुटते, अंगावर कुठं आहे, घरात किती जणांना आहे आणि अंथरुणात, पाण्यात, केसांत काय सापडतं.

ढेकूण (खटमल)

पूर्ण वाढलेला ढेकूण सुमारे 5 मिलिमीटरचा, चपटा, तपकिरी, सफरचंदाच्या बीसारखा दिसतो. त्याला उडता येत नाही, उडीही मारता येत नाही. तो दिवसा गादीच्या शिवणीत, पलंगाच्या सांध्यात, जुन्या लाकडी तुळईच्या फटीत लपतो. चादरीवर रक्ताचे ठिपके आणि फटीजवळ काळे बारीक डाग हा पक्का पुरावा. उघड्या राहिलेल्या हातांवर, मानेवर ओळीनं फोड येतात. ढेकणामुळं माणसात रोग पसरल्याचं दिसलेलं नाही, त्रास होतो तो खाजेचा आणि झोपमोडीचा. कपडे 60 अंशांच्या गरम पाण्यात धुवावेत, फटींना वाफ द्यावी, फटी बुजवाव्यात.

खरूज (खारिश)

हा कीटक नव्हे, आठ पायांचा अतिसूक्ष्म किडा आहे. डोळ्यांना तो जवळपास दिसत नाही, कारण तो कातडीच्या आत बीळ करून राहतो. ओळख तीन गोष्टींनी पटते. खाज रात्री वाढते. पुरळ बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, काखेत, कमरेभोवती आणि गुप्तांगावर असतं. आणि घरातल्या एकापेक्षा जास्त जणांना खाज असते. पहिल्यांदा लागण झाली तर खाज सुरू व्हायला चार ते सहा आठवडे लागतात, म्हणून ज्यांना खाज नाही त्यांनाही लागण झालेली असू शकते.

डॉक्टर बहुधा परमेथ्रिन मलम देतात. ते मानेपासून तळपायापर्यंत रात्रभर लावायचं, आठवड्यानं पुन्हा लावायचं आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावायचं. एकानं टाळलं तर खरूज परत येते. तान्ही बाळं आणि गरोदर बायांसाठी डॉक्टरांना विचारूनच औषध घ्यावं. उपचारानंतरही दोन-चार आठवडे खाज राहू शकते, घाबरू नये. खरूज रोज आंघोळ करणाऱ्यांनाही होते. ती एकत्र झोपण्यातून आणि जवळच्या स्पर्शातून पसरते. हॉस्टेल किंवा मदरशातल्या मुलाला झाली तर लपवू नका. लाजेपोटी लपवली की ती सगळ्या खोलीत पसरते.

उवा

तिळाएवढी ऊ, आणि केसाला घट्ट चिकटलेली पांढरी लीख. कोंडा झटकला की पडतो, लीख पडत नाही. डोक्यातल्या उवा रोग पसरवत नाहीत. ओले केस बारीक दातांच्या फणीनं काही दिवसांच्या अंतरानं पुन्हा पुन्हा विंचरावेत. रॉकेल किंवा ढेकणांचं औषध मुलांच्या डोक्याला कधीही लावू नये.

पिसू

पिसू 2–3 मिलिमीटरची, दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखी, बिनपंखी. ती टुणकन उडी मारते, आणि हीच तिची ओळख. चावे बहुधा घोट्याजवळ आणि पोटरीवर येतात. घरात मांजर, कुत्रा किंवा उंदीर असेल तर पिसवांचा संशय घ्यावा.

पुण्यानं पिसवेची मोठी किंमत मोजली आहे. 1897 च्या प्लेगमध्ये रँडच्या प्लेग समितीचे सैनिक घरोघरी घुसून झडत्या घेत होते, लोकांचं सामान जाळलं जात होतं. त्यातून उसळलेल्या संतापात 22 जून 1897 रोजी रँडवर गोळी झाडली गेली. प्लेग उंदरांवरच्या पिसवांतून पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत प्रयोग करून दाखवलं ते 1898 मध्ये. खरा गुन्हेगार कोण हेच माहीत नसताना लोकांची घरं उलथीपालथी झाली होती. आजही आसपास अचानक बरेच उंदीर मेलेले दिसले तर हात न लावता महापालिकेला कळवावं.

डास

डासांचे तीन प्रकार ओळखता आले की पुरे.

एडिस: काळा, पायांवर पांढरे पट्टे. तो दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि मगरीबच्या आधी. डेंग्यू, चिकुनगुनिया आणि झिका यानंच पसरतो. 2024 च्या पावसाळ्यात नदीपलीकडच्या एरंडवण्यात झिकाचे रुग्ण सापडले होते. तो साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो.

अ‍ॅनॉफिलीस: बसताना शेपूट वर करतो, रात्री चावतो, मलेरिया पसरवतो. शहरात तो टाक्या आणि विहिरींत वाढतो.

क्युलेक्स: मुठेकाठच्या आणि गटाराच्या घाण पाण्यातला, रात्री कानाशी गुणगुणणारा. पेठांत सर्वांत जास्त तोच दिसतो.

म्हणजे नाल्यावर धूर मारून डेंग्यू थांबत नाही. वुजूखान्यातलं पिंप, गच्चीवरची टाकी, फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची ताटली आठवड्यातून एकदा रिकामी करून घासून कोरडी करावी. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. मशिदीच्या हौजात गप्पी मासे सोडता येतात. तापात डॉक्टरांना दाखवेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल घ्यावी. अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन डेंग्यूत धोक्याचं ठरतं.

गोचीड

आठ पाय, अंगाला घट्ट चिकटलेली. बकरी ईदसाठी आणलेल्या बोकडाचे कान आणि काखा तपासाव्यात. माणसाला चिकटली तर चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढावी, जाळू नये, तेल किंवा रॉकेल लावू नये. सुट्टीत सिंधुदुर्गात गावी जाणाऱ्यांनी जास्त जपावं, तिथं गोचिडीतून माकडताप होतो. जंगलातून आल्यावर ताप आला तर डॉक्टरांना तसं सांगावं.

'मकडी फिर गई'

पावसाळ्यात मानेवर किंवा डोळ्याजवळ जळजळणारा लांबट पट्टा उठला की आपण कोळ्याला दोष देतो. बहुतेकदा तो ट्यूबलाइटभोवती फिरणारा, नारिंगी-काळा, सेंटिमीटरभर लांबीचा एक भुंगेरा असतो. तो चावत नाही, पण अंगावर चिरडला की त्याचा रस कातडी भाजतो. त्याला चिरडू नका, फुंकर मारून उडवा. चिरडलाच तर जागा लगेच साबणानं धुवा. डोळ्यात रस गेला तर भरपूर पाण्यानं धुवून डॉक्टर गाठा.

एक कळकळीची विनंती

ढेकणांसाठी धान्यात ठेवायच्या गोळ्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइड, घरात कधीही ठेवू नका. हवेतल्या ओलाव्यानं त्यातून फॉस्फिन हा विषारी वायू निघतो, आणि त्यावर उतारा नाही. वाड्यांत एक पातळ भिंत दोन घरांत असते, फटीतून वायू शेजारच्या खोलीत जातो. अशा प्रकारांत झोपेतच माणसं, लहान मुलं दगावली आहेत. पेस्ट कंट्रोलवाल्याला औषधाचं नाव विचारा, घर किती तास बंद ठेवायचं ते लिहून घ्या, आणि शेजाऱ्यांना आधी सांगा. फवारणीनंतर कोणाला उलटी, चक्कर, श्वासाचा त्रास झाला तर सगळ्यांनी बाहेर पडून 108 ला फोन करा.

तहारत आपल्या रोजच्या जगण्याचा भाग आहे. तिच्यासोबत एवढी सवय लावून घेऊ: अंगावर काही उठलं की आधी अंथरूण, पाणी आणि मुलांचे हात उजेडात नीट पाहायचे. बाटली त्यानंतर उघडायची.