स्पीकरच्या दोन वायरी

मोटारीतल्या रेडिओचा इतिहास बहुधा गाण्यांच्या अंगाने सांगितला जातो. मला तो वायरींच्या अंगाने सांगायचा आहे. कंपनीने बसवलेला स्पीकर फाटला की त्या जागी बाजारातला नवा लावायचा, हे काम वरवर दोन वायरींचे. जुन्या सोडायच्या, नव्या जोडायच्या. पण त्या दोन वायरींचा अर्थ प्रत्येक गाडीत सारखा नसतो. गाडी कोणत्या काळातली आहे, यावर तो ठरतो.

1930 साली शिकागोच्या पॉल आणि जोसेफ गॅल्विन या भावांच्या कंपनीने मोटारीचा रेडिओ आणला आणि त्याला ‘मोटोरोला’ हे नाव दिले. 1932 मध्ये जर्मनीत ब्लाउपुंक्टचा रेडिओ आला. हे रेडिओ वेगळे विकत घ्यावे लागत. मेकॅनिक गाडी उघडून ते बसवून देई आणि इंजिनच्या ठिणग्यांमुळे होणारी खरखरही शमवून देई. पुढची बरीच वर्षे अनेक गाड्यांत रेडिओकडून स्पीकरला एकच वायर जाई. स्पीकरचे दुसरे टोक गाडीच्या लोखंडी बॉडीला जोडलेले असे. बॉडी हीच दुसरी वायर.

1955 मध्ये क्रायस्लर आणि फिल्को यांनी संपूर्ण ट्रान्झिस्टरचा मोटार रेडिओ जाहीर केला. 1963 मध्ये फिलिप्सने कॅसेट आणली. एका स्पीकरचे दोन झाले, दोनाचे चार झाले, आणि मोठा आवाज हवासा झाला. तिथे एक अडचण होती. गाडीची बॅटरी 12 व्होल्टची. साध्या जोडणीत चार ओहमच्या स्पीकरला हिशेबाने साडेचार वॉटच्या वर स्वच्छ आवाज मिळत नाही. उपाय असा निघाला की स्पीकरच्या दोन्ही टोकांना एकेक अ‍ॅम्प्लिफायर लावायचा. एक ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो. त्याच बॅटरीवर ताकद चौपट, म्हणजे हिशेबाने अठरा वॉट.

पण या युक्तीने ‘निगेटिव्ह’ शब्दाचा अर्थच बदलला. आता स्पीकरच्या दोन्ही वायरींवर सुमारे सहा व्होल्ट असतात. जुन्या सवयीने त्यातली एक बॉडीला टेकवली तर रेडिओ बंद पडतो, कधी जळतो. एका पिढीत जी बरोबर पद्धत होती, तीच पुढच्या पिढीत रेडिओ जाळणारी ठरली.

तिसरा टप्पा 1980 च्या दशकातला. जनरल मोटर्सने 1983 च्या काही मॉडेलांत, उदाहरणार्थ कॅडिलॅक सेव्हिलमध्ये, अमर बोस यांच्या कंपनीची ध्वनिव्यवस्था कारखान्यातूनच बसवली. त्यात प्रत्येक स्पीकरच्या खोक्यात त्याचा स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर होता. हे बोस एमआयटीचे प्राध्यापक, वडील बंगालमधले स्वातंत्र्यचळवळीतले क्रांतिकारक. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात फिलाडेल्फियात शाळकरी अमर घराला हातभार म्हणून रेडिओ दुरुस्त करत असे. त्याच मुलाने पुढे अशी व्यवस्था उभी केली की कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याला ती सहज उघडता येईना. तशा काही कारखानी स्पीकरांचा रोध दोन ओहम किंवा त्याहून कमी असतो. त्या जागी बाजारातला चार ओहमचा लावला तर तो जळत नाही, पण आवाज पडतो. उलट, चार ओहमसाठी बनवलेल्या रेडिओला दोन ओहमचा स्पीकर लावला तर विजेचा प्रवाह दुप्पट होतो आणि रेडिओ तापतो.

हा हिशेब ज्या नियमाने होतो तो 1827 मध्ये पुस्तकरूपाने मांडणारा गेऑर्ग ओहम हा जर्मनीतल्या कोलोन शहरातला शाळामास्तर होता. मी भाषेचा शिक्षक, तरी ही गोष्ट मला आपल्या बिरादरीतली वाटते.

कारण या इतिहासाचा आमच्याकडचा भाग शाळेत लिहिला गेलेलाच नाही. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात प्रीमियर पद्मिनी बनत असे. अशा गाड्यांत टेप आणि स्पीकर सर्रास बाहेरून बसवून घेतले जात. ते काम उस्ताद-शागीर्दीने शिकले गेले. माझ्या वर्गातून दहावीनंतर गॅरेजमध्ये गेलेला एक मुलगा आज हेच करतो. त्याची पद्धत मी शेजारी उभा राहून पाहिली आहे. आधी बॅटरीचे निगेटिव्ह टोक सोडतो. जुन्या स्पीकरच्या चुंबकावर छापलेला ओहमचा आकडा वाचतो. छाप पुसली असेल तर मीटर लावतो. चार ओहमचा स्पीकर मीटरवर तीन-साडेतीन दाखवतो, हे त्याला पाठ आहे. मग सोडवलेल्या स्पीकरला पेन्सिल सेल क्षणभर टेकवतो. कोन बाहेर आला तर सेलच्या पॉझिटिव्हकडचे टोक पॉझिटिव्ह. ही खूण चारही दारांना सारखी ठेवावी लागते. एक स्पीकर उलटा जोडला गेला तर एकाचा कोन बाहेर येताना दुसऱ्याचा आत जातो आणि ढोलकीचा ठोका हवेतच विरतो. कंपनीचा प्लग तो कापत नाही, मधे जोड-प्लग घालतो, म्हणजे उद्या कुणाला मूळ स्पीकर परत लावता येईल.

“सर, वायरचा रंग बघून हात घालायचा नाही. कंपनी बदलली की रंग बदलतो,” असे तो म्हणाला. बाजारातल्या रेडिओला पांढरी वायर पुढच्या डाव्या स्पीकरची, राखाडी पुढच्या उजव्याची, हिरवी मागच्या डाव्याची आणि जांभळी मागच्या उजव्याची, आणि काळी रेघ असलेली ती निगेटिव्ह, असा सर्वसाधारण रिवाज आहे. कारखान्याच्या वायरिंगला तो लागू नाही.

प्रगतिपुस्तकात हा मुलगा ‘सामान्य’ होता. त्याच्या हातात तीन पिढ्यांचे तंत्रज्ञान आहे, पण ते कुठल्या वहीत नाही. नव्या गाड्यांत रेडिओ, पडदा आणि अ‍ॅम्प्लिफायर एकमेकांशी संगणकी भाषेत बोलतात, आणि कित्येक रेडिओ दुसऱ्या गाडीत कोडशिवाय सुरूच होत नाहीत. आज साठीत असलेले उस्ताद उद्या दुकान बंद करतील, तेव्हा पहिल्या दोन पिढ्यांचे ज्ञान त्यांच्याबरोबर जाईल.

आपल्या समाजात कारागिरीचा अभिमान भाषणांत पुष्कळ सांगितला जातो. माझी विनंती लहान आहे. घरात, मोहल्ल्यात असा कुणी उस्ताद असेल तर त्यांच्याजवळ वही घेऊन बसा. कोणती गाडी, कोणते साल, कोणती वायर कुठे जात होती, ते त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या. उर्दूत, मराठीत, दोन्हींच्या मिसळीत, जशी त्यांची बोली असेल तशी.