औंधचे तुकडे जोडताना

औंध संस्थानाचा नकाशा पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, छापखान्यात काहीतरी घोटाळा झाला असावा. साताऱ्याच्या पूर्वेला औंध. तिथून लांब माणदेशात आटपाडी. खाली कृष्णाखोऱ्यात कुंडल. आणि चौथा तुकडा, गुणदाळ, थेट विजापूरकडे. पाखडताना सुपाबाहेर दाणे उडावेत तशी ही ७२ गावं पडलेली. सगळं मिळून क्षेत्रफळ ५०१ चौरस मैल आणि मध्ये इंग्रजांचा मुलूख. इथल्या राजाला स्वतःच्याच एका तालुक्यातून दुसऱ्यात जायचं तर दुसऱ्याच्या हद्दीतून जावं लागे.

कराडच्या शाळेत मी इतिहास शिकवला. पुस्तकात औंधचे राजे, पंतप्रतिनिधी, एका ओळीत येत आणि दुसऱ्या ओळीत जात. हे तुकडे एकदा रस्त्याने जोडून पाहायचे, असं फार दिवस मनात होतं. गाडीचा प्रश्न वन्संनी सोडवला. वन्सं म्हणजे माझी नणंद. विट्याकडच्या गलाई घराण्यात दिलेली, सगळी हयात कोइमतूरला गेली, तिथेच गाडी शिकली. निघतानाच तिने अट घातली, "वहिनी, इतिहास सपाटीला सांगायचा. घाटात गप बसायचं."

सातारा सोडून रहिमतपूरवरून औंध गाठलं. वाटेत ऊस मागे पडत जातो, बाभळी वाढतात, टेकड्यांचे माथे उघडे होतात. औंध गावाची खूण म्हणजे मूळपीठाचा डोंगर आणि वर यमाई. डोंगराच्या वाटेवर श्री भवानी संग्रहालय आहे, १९३८ सालचं. संस्थान एवढंसं, पण आत राजा रविवर्म्याची चित्रं आहेत आणि हेन्री मूरचं शिल्पही आहे. ही हौस बाळासाहेब पंतप्रतिनिधींची. स्वतः चित्रं काढायचे, कीर्तन करायचे, संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे केलेले. वन्संनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "राजा होता का शाळामास्तर?" प्रश्न अगदीच चुकीचा नाही. पंडित सातवळेकरांचा स्वाध्याय मंडळाचा छापखानाही याच गावात होता. १९४८ नंतर तो गुजरातेत पारडीला गेला.

मुलूख असा विखुरलेला का, तर जहागिरीच तशी मिळत गेली. छत्रपतींचे प्रतिनिधी म्हणून कुठे गाव, कुठे मोकासा, कुठे किल्ला. पुढे पेशव्यांशी बिनसलं. १८०६ मध्ये पेशव्यांच्या बापू गोखल्यांनी वसंतगडाजवळ प्रतिनिधी परशुराम श्रीनिवासांना धरलं आणि बरंच काही गेलं. त्यांच्या बाजूने ताई तेलिणीने वासोटा किल्ला लढवला तो याच भांडणात. पेशवाई बुडाल्यावर १८२० च्या तहाने इंग्रजांनी जे हाती ठेवलं, तेच हे तुकडे.

आता मुख्य गोष्ट. नोव्हेंबर १९३८ मध्ये, आपल्या वाढदिवशी, बाळासाहेबांनी सत्ता रयतेच्या हाती देण्याची घोषणा केली. जानेवारी १९३९ मध्ये कायदा झाला. मसुदा गांधीजींनी पाहिला होता आणि मतदाराला लिहिता-वाचता आलं पाहिजे ही अट त्यांच्या आग्रहाची. प्रत्येक गावाला निवडलेली पंचायत, तिच्यावर तालुक्याची सभा, तिच्यावर विधिमंडळ. कारभार पाहायला राजपुत्र आप्पासाहेब पंत, ऑक्सफर्डहून परतलेले. आणि या सगळ्याच्या मागे मॉरिस फ्रीडमन नावाचा एक पोलिश इंजिनिअर, ज्याने बंगळुरातली कारखान्याची नोकरी सोडून भगवी वस्त्रं नि भारतानंद हे नाव घेतलं होतं. (निसर्गदत्त महाराजांची संभाषणं इंग्रजीत नेणारे ते हेच.)

औंधहून थोडं पुढे वडूज. हा इंग्रजांचा मुलूख. ९ सप्टेंबर १९४२ ला इथल्या कचेरीवर मोर्चा आला, पोलिसांनी गोळीबार केला, परशुराम घार्गे आणि त्यांच्याबरोबरची माणसं पडली. हद्दीच्या अलीकडे पंचायती तीन वर्षं कारभार करत होत्या आणि पलीकडे तिरंगा घेऊन कचेरीकडे चालणाऱ्यांवर गोळ्या चालल्या. हुतात्मा स्मारकापाशी वन्संनी गाडी बाजूला घेतली, चपला काढल्या. गोळीबाराची हकिकत मी सांगत होते, पण तिचं लक्ष नावांवर होतं.

मायणीवरून कलेढोण, तिथून झरे. हा रस्ता मला फार आवडतो. दोन्ही बाजूंना माळ, मध्येच मेंढ्यांचा कळप सगळा डांबरी रस्ता अडवून चाललेला, मागे घोंगडी खांद्यावर टाकलेला धनगर. हॉर्न वाजवून उपयोग नसतो. वन्संनी इंजिनच बंद केलं. हल्ली टेंभू योजनेचं कृष्णेचं पाणी इथवर आलंय, त्यामुळे माळावर अचानक डाळिंबाच्या बागा दिसतात. पण संस्थानच्या दिवसांत इथला शेतसारा भरायचा तो पावसावर भरवसा ठेवूनच.

आटपाडीजवळ स्वतंत्रपूर. १९३९ मध्ये फ्रीडमनच्या कल्पनेतून औंध संस्थानाने इथे कैद्यांची वसाहत काढली. भिंत नाही, बेड्या नाहीत. खुनासारख्या गुन्ह्यात शिक्षा झालेली माणसं बायकामुलांसह राहायची आणि जमीन कसायची. संस्थान गेलं तरी वसाहत टिकली. आज ती राज्याच्या कारागृह विभागाकडे आहे. व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) इथूनच सुचलेला. कथा ग. दि. माडगूळकरांची, आणि त्यात नवल नाही: जन्म जवळच्या शेटफळ्याचा, वडील संस्थानचे कारकून, शाळा औंधची. धाकटे भाऊ व्यंकटेश याच माळांवरच्या शाळांतून 'बनगरवाडी' घेऊन आले.

मला मात्र या मुलखाकडे पाहताना व्यंकटेशांची 'वावटळ'ही आठवते. जानेवारी १९४८ मधल्या गांधीहत्येनंतर या भागात ब्राह्मणांची घरं जळाली, त्याची ती कादंबरी. औंधच्या प्रयोगाचं कौतुक करणारे लेख सहसा १९३९ पाशी थांबतात. पंचायती चालवलेल्या याच गावांच्या आसपास नऊ वर्षांनी आगी लागल्या, हेही त्याच इतिहासात येतं.

आटपाडीहून भिवघाट. वन्संच्या अटीप्रमाणे मी गप्प. वर खानापूरचं पठार लागलं आणि मग बोलायची पाळी तिची. हे घर गुवाहाटीला, ते अमृतसरला, ते मदुराईला. दुष्काळाने बाहेर पडलेली इथली माणसं गावोगावच्या सराफांचं सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या, म्हणजे गलाईच्या, धंद्यात शिरली. गावात बंगले मोठे आणि बहुतेकांना कुलूप. "सणाला उघडत्यात," ती म्हणाली. तिचं स्वतःचंही तसंच होतं इतकी वर्षं.

विट्याहून खाली उतरलं की येरळा ओलांडून कुंडल. या तुकड्याने संस्थानाला जे दिलं ते बाकी तिघांनी मिळून दिलं नसेल. १९१० मध्ये बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा लक्ष्मणराव किर्लोस्करांना बाळासाहेबांनी कुंडल रोड स्टेशनाजवळचा ३२ एकर निवडुंगाचा माळ आणि दहा हजारांचं कर्ज दिलं. लोखंडी नांगर तिथे ओतले जाऊ लागले. राखणीला लक्ष्मणरावांनी नेमली ती पूर्वी दरोडेखोर म्हणून नाव झालेली माणसं, स्वतंत्रपूरच्या कितीतरी आधी. स्टेशनाचं नावही पुढे किर्लोस्करवाडी झालं.

आणि हेच कुंडल प्रतिसरकारचं ठाणं. क्रांतिसिंह नाना पाटलांची फळी, जी. डी. बापू लाड, कॅप्टन भाऊ, तुफान सेना. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ पगाराची रेल्वेगाडी लुटली ती यांनी. संस्थानच्या हद्दीत इंग्रज पोलिसांना परस्पर हात घालणं अडचणीचं, आणि आप्पासाहेबांची सहानुभूती भूमिगतांकडे. माझं मत असं, की औंधचं हे विखुरलेपण कुणी कमकुवतपणा म्हणून लिहू नये. एकसंध, पोटभरू संस्थानाला असे उपद्व्याप सुचले नसते, आणि सुचले असते तर रेसिडेंटने खपवून घेतले नसते. एवढ्याशा तुकड्यांकडे लक्ष कोण देणार? माणसाला एका हद्दीतून दुसरीत सटकायला मात्र ते तुकडे पुरत.

८ मार्च १९४८ ला विलीनीकरण झालं. पुढे सातारा जिल्ह्याचाही तुकडा पडला. आधी दक्षिण सातारा, मग १९६० मध्ये त्याचं नाव सांगली. औंध साताऱ्यात राहिलं, आटपाडी-कुंडल सांगलीत गेले, गुणदाळ कर्नाटकात. कुंडलच्या चौकात चहा पिताना वन्संनी मोबाइलवर गुणदाळ शोधलं, जतवरून विजापूरची वाट पाहिली आणि म्हणाली, "आता टाकी भरू या, वहिनी. तिकडं कन्नड बोलत्यात. तामिळ चालत असंल तर बगू."