‘कोसला’ आणि आपला इतिहास

मृत्यू, संपत्ती आणि जगण्याचे प्रयोजन यांविषयीचे चिंतन मराठीस संतवाङ्मयापासून परिचित आहे. कादंबरीने ते बरेच उशिरा हाती घेतले. वि. स. खांडेकरांनी ‘ययाति’मध्ये (१९५९) हे प्रश्न पुराणातील एका राजाच्या निमित्ताने मांडले. चारच वर्षांनी, १९६३ मध्ये, भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ प्रसिद्ध झाली आणि तेच प्रश्न खानदेशातील शेतकऱ्याच्या मुलाने विचारले. पांडेसऱ्यात खानदेशातून आलेली कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यांच्या मुलांसमोर या कादंबरीचा विचार अगत्याने व्हावयास हवा.

पांडुरंग सांगवीकर हा सधन बापाचा मुलगा. वडिलांच्या पैशावर तो पुण्यास शिकावयास जातो, खानावळीचा कारभार अंगावर घेऊन तोट्यात येतो, अभ्यासात मागे पडतो. अशातच धाकटी बहीण मनी मरण पावते. घरची सुबत्ता हा मृत्यू अडवू शकत नाही, आणि मग पांडुरंगास कोणतेच यश मोलाचे वाटेनासे होते. याच कादंबरीत भावी काळातील इतिहाससंशोधक सांगवीविषयी पांडित्य करताना दिसतात. त्या विनोदामागील आशय गंभीर आहे. उत्खननात घरे आणि नाणी सापडतील. मनी सापडणार नाही.

सुरतेस हे तंतोतंत लागू पडते. शिवाजी महाराजांनी १६६४ व १६७० मध्ये हे शहर लुटले, ते त्याच्या संपत्तीमुळे. पुढे व्यापार मुंबईकडे वळला आणि ते वैभव ओसरले. इतिहासात वीरजी व्होरांचे नाव राहिले. त्यांच्या वखारीत ओझी वाहणाऱ्यांचे राहिले नाही.

सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगच्या भीतीने लाखो लोक सुरत सोडून गेले. साथ ओसरल्यावर कामगार परतले, कारण रंगाई-छपाईच्या गिरण्यांतील मजुरीवर कित्येकांची गावाकडची घरे चालत होती. पांडुरंगही अखेर पदवीवाचून गावी परततो. परंतु त्याच्यापाशी परतण्याजोगी शेती होती. ज्याच्यापाशी ती नाही, त्यास जगण्याच्या अर्थाचा प्रश्न पडत नाही, असे समजणे अन्यायाचे होईल. मृत्यूचे भय जवळून पाहूनही जो पुन्हा यंत्रापाशी उभा राहिला आणि पगारातून मुलाच्या वह्या-पुस्तकांचे पैसे आधी बाजूला काढीत राहिला, त्याने आपल्यापुरते उत्तर दिलेच आहे.

त्या उत्तराची नोंद वखारींच्या दप्तरात मिळणार नाही. शाळेच्या पटावर मुलाचे आणि बापाचे नाव लिहिले जाते. आपल्या वस्तीचा इतिहास लिहू पाहणाऱ्याने प्रथम तो पट उघडावा.