चहाचा हिरवा रंग

दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नान आटोपून आपण फराळाला बसतो, तेव्हा स्वयंपाकघरात चहाचे आधण खळखळत असते. आल्याचा तुकडा, गवती चहाची चार पाती, साखर, चहाची पूड आणि वर दूध. जितके उकळावे तितका रंग चढतो. अशा चहाला सरावलेल्या जिभेला जपानचा हिरवा चहा पहिल्या घोटाला नुसते गवताचे पाणी वाटले, तर नवल नाही. परंतु त्या फिक्या पाण्यामागे एका शेतकऱ्याची मोठी हकिकत आहे.

झाड आसामातले काय नि जपानातले काय, एकाच कुळीचे. खुडलेले पान चिरलेल्या सफरचंदासारखे हवेने काळवंडू लागते. आपल्याकडे ते मुद्दाम काळवंडू देतात. जपानात त्याला लगेच वाफ देतात, म्हणजे हिरवा रंग जागच्या जागी थांबतो.

एइसाइ नावाच्या भिक्षूने 1191 साली चीनहून चहाचे बी जपानात आणले. चहा प्रथम मठात औषध म्हणून रुजला, मग सरदारांच्या दिवाणखान्यात शिरला. क्योतोजवळच्या उजी गावी झाडांवर छपरे घालून, सावलीत कोवळी पाने वाढवीत आणि त्यांची हिरवीगार भुकटी करीत. मात्र हा मान ठरावीक मळेवाल्यांचाच. गोरगरिबांच्या वाट्याला जाड्याभरड्या पानांचा तांबूस काढा येई.

उजीच्या डोंगराआड युयादानी नावाचे खेडे आहे. तिथल्या नागातानी सोएन या शेतकऱ्याने ही रीत मोडली. छपराची परवानगी नाही, तर उन्हातलेच कोवळे पान घ्यावे, त्याला वाफ द्यावी आणि निखाऱ्यांच्या उबेवर हातांनी मळीत मळीत सुकवावे, ही त्याची युक्ती. ती साधायला वर्षानुवर्षे गेली. 1738 साली ती जमली तेव्हा त्याचे वय 57 होते. तो माल घेऊन तो एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला गेला. तेथे यामामोतो काहेइ या व्यापाऱ्याने चव पाहून तो उचलला. पुढे शंभराहून अधिक वर्षे त्या पेढीने नागातानींच्या घरी दरसाल सुवर्णमुद्रा पाठविल्या, असे सांगतात.

त्या काळी खत म्हणजे तेलबियांची पेंड, सुकी मासळी, गवत. विसाव्या शतकात रासायनिक खते आली. नत्र भरपूर मिळाले की पानात गोडसर, दाट चव उतरते. त्या मोहाने मळेवाल्यांनी खताचा मारा केला. पण झाडाने न घेतलेले नत्र ओढ्यातळ्यांत उतरले. म्हणून काही शेतकरी पुन्हा सेंद्रिय वाटेला लागले आहेत. शिझुओका भागात माळावरचे गवत कापून चहाच्या ओळींमधून पसरण्याची जुनी चाल अजून टिकून आहे. सेंद्रिय चहा चवीला बहुधा हलका, स्वच्छ लागतो. दाटपणा कमी, पानाचा वास अधिक.

असा चहा करताना मात्र आपली सवय विसरावी लागते. आधणात पान टाकले की कडवटपणा आणि तुरटपणा एकदम सुटतो. पाणी उकळून आधी पेल्यांत ओतावे, थोडे निवू द्यावे. सत्तर-ऐंशी अंश पुरे. मग ते किटलीतल्या पानांवर घालावे, मिनिटभर थांबावे आणि शेवटच्या थेंबापर्यंत पेल्यांत गाळून घ्यावे. त्या शेवटच्या थेंबांत चव अधिक असते. त्याच पानांवर दुसरे, जरा कढत पाणी घातले की दुसरा चहा तयार!

सोएनने आपली युक्ती तिजोरीत ठेवली असती, तर तो गडगंज झाला असता. पण विचारायला आलेल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना त्याने ती मोकळ्या मनाने शिकविली. म्हणूनच छपराखालचा तो हिरवा रंग जपानच्या घराघरांत पोहोचला. गावकऱ्यांनी त्याचे देऊळ बांधले, ते काही उगीच नव्हे.